मागण्याचा खर्च कोणी सोसायचा?

एक साधा हिशेब मांडू. समजा, नंदुरबारच्या धडगाव तालुक्यात पाड्यांवरच्या मुलांसाठी काम करणारी एक छोटी संस्था आहे. पाच-सहा कार्यकर्ते, एक समन्वयक, वर्षाचा सगळा मिळून खर्च पंधरा-वीस लाख. समन्वयकाचं मानधन महिन्याला २५ हजार, म्हणजे कामाच्या दिवसाला हजार रुपये धरू. ही संस्था एका फाउंडेशनकडे तीन लाखांचं अनुदान मागते. प्रपोजल लिहिणं, बजेट फंडरच्या तक्त्यात बसवणं, कागद गोळा करणं, आलेल्या शंकांना उत्तरं देणं यात समन्वयकाचे दहा दिवस जातात. ते झाले दहा हजार. सीएची प्रमाणपत्रं, झेरॉक्स आणि जिल्ह्याच्या गावी हेलपाटे यांचे दोन हजार. म्हणजे एका अर्जाला बारा हजार. सहा अर्जांमागे एक मंजूर झाला तरी नशीब म्हणायचं. तेव्हा त्या एका अनुदानापोटी ७२ हजार आधीच गेलेले असतात. पुढे दर तिमाहीला अहवाल, प्रत्येकाला चार दिवस. वर्षाअखेरीस सीएचं विनियोग प्रमाणपत्र, ज्याला सगळे 'यूसी' म्हणतात. त्याचे पाच हजार धरले तर अहवालांसकट आणखी २१ हजार. बेरीज ९३ हजार. तीन लाखांतला जवळजवळ तिसरा हिस्सा मागण्यात आणि 'मिळाले, खर्च झाले' हे सांगण्यात संपला. त्याच अनुदानाच्या बजेटात प्रशासकीय खर्चासाठी मंजूर रक्कम असते पाच टक्के, म्हणजे १५ हजार.

हे आकडे मी कल्पिलेले आहेत. पण या क्षेत्रात वावरणाऱ्या कोणालाही दाखवा, तो ते वाढवूनच सांगेल. वरचे ७८ हजार येतात कुठून? समन्वयकाच्या रात्रींतून, संस्थापकाच्या पेन्शनमधून, नाहीतर ज्या मुलांसाठी पैसे मागितले त्यांच्याच वह्या-पुस्तकांतून. हा खर्च देणाऱ्याने घालून दिलेल्या पद्धतीमुळे होतो, देणाऱ्याच्या समाधानासाठी होतो, आणि त्याचं बिल फाडलं जातं मागणाऱ्याच्या नावावर. माझं म्हणणं असं की मागण्याचा खर्च देणाऱ्याने उचलावा. उचलायचा नसेल, तर तो निर्माण तरी करू नये.

आधी कागदांचं पाहू. महाराष्ट्रातली साधी नोंदणीकृत संस्था १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली अशी दोनदा नोंदलेली असते. त्यावर आयकराची दोन प्रमाणपत्रं, संस्थेचं उत्पन्न करमुक्त ठेवणारं १२एबी आणि देणगीदाराला करसवलत देणारं ८०जी, संस्थेचं पॅन, नीती आयोगाच्या पोर्टलवरचा दर्पण क्रमांक, कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा (सीएसआर) पैसा घ्यायचा तर कंपनी व्यवहार मंत्रालयाचा सीएसआर-१ क्रमांक, तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशेब, विश्वस्तांची आधार आणि पॅन कार्डं, धर्मादाय कार्यालयाचा परिशिष्ट एकचा उतारा. विश्वस्त बदलले असतील तर चेंज रिपोर्ट. तो दाखल केलेला असतो, मंजूर व्हायचा असतो, आणि फंडरला मात्र उताऱ्यावर आजचीच नावं हवी असतात. यातला एकही कागद मुळात गैरवाजवी नाही. गैरवाजवी आहे ते हे की दहा फंडर हेच कागद दहा साच्यांत मागतात. एकाला प्रत्येक पीडीएफ दोन एमबीच्या आत हवी, दुसऱ्याला सगळं एकाच फाइलमध्ये, तिसऱ्याला प्रत्येक पानावर अध्यक्षांची सही आणि शिक्का. अध्यक्षबाई तेव्हा कापूस वेचायला गेलेल्या असतात.

मग प्रश्न. थिअरी ऑफ चेंज (म्हणजे तुमच्या कामातून बदल कसा घडेल त्याची मांडणी) काय, लॉगफ्रेम (उद्दिष्टं, कामं आणि मोजमापं यांचा तक्ता) जोडा, तुमचं मॉडेल 'स्केल' कसं होईल, तुमचं वेगळेपण दीडशे शब्दांत सांगा. सगळ्यांत गंमतीचा प्रश्न सस्टेनेबिलिटीचा असतो: आमचा निधी थांबल्यावर हे काम कसं चालू राहील? ज्यांच्या घरात रोजच्या भाकरीची भ्रांत आहे अशा मुलांना शिकवण्याचं काम स्वतःच्या पायावर उभं राहून पैसे मिळवू लागेल, अशी अपेक्षा फंडरलाही मनातून नसते. खरं उत्तर एकच असतं: दुसऱ्या कोणाकडे तरी मागू. ते कोणी लिहीत नाही. त्याऐवजी 'समुदायाची मालकी', 'शासकीय योजनांशी सांगड' आणि 'बचत गटांचा सहभाग' असे तीन परिच्छेद लिहिले जातात. लिहिणाऱ्याला ठाऊक असतं, वाचणाऱ्यालाही ठाऊक असतं, आणि तरी त्या परिच्छेदांना गुण असतात.

पूर्वी असं नव्हतं, हे सांगायचा मोह इथे होतो. महर्षी कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला आणि पुढे १९१६ साली महिला विद्यापीठ. दोन्ही उभे राहिले ते वर्षानुवर्षं लोकांच्या दारात जाऊन जमवलेल्या वर्गण्यांवर. विद्यापीठाला सर विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाख रुपये दिले तेव्हा त्याला आईचं नाव द्यावं अशी अट होती. अट मोठीच होती, पण एका वाक्यात सांगता येणारी आणि एकदाच पाळायची होती. रयत शिक्षण संस्थेसाठी भाऊराव पाटलांनी घराघरातून मूठमूठ धान्य गोळा केलं, त्याचाही फॉर्म नव्हता. पण म्हणून जुनं ते सोनं म्हणायला मी तयार नाही. ज्याची शेठजींकडे ऊठबस, ज्याच्या आडनावाला वजन, त्यालाच तेव्हा दार उघडं होतं. नर्मदेकाठच्या पाड्यावरचा एखादा तरुण मुंबईच्या पेढीवर जाऊन लाखांची गोष्ट करू शकला असता का? ओळखपाळख नसलेल्यालाही मागता यावं म्हणून अर्ज ही पद्धत आली, आणि तत्त्व म्हणून ती लोकशाहीची आहे. माझी तक्रार अर्जाशी नाही. ओळखीच्या जागी अर्ज आला, आणि मग हळूहळू अर्ज लिहिता येणाऱ्यांचा नवा गोतावळा तयार झाला, ही तक्रार आहे.

हा गोतावळा इतका घट्ट का झाला, याला गेल्या दहा-बारा वर्षांतल्या कायद्यांचाही हातभार आहे. २०१३च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ एप्रिल २०१४पासून लागू झालं. ज्या कंपनीचं नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्याहून जास्त आहे, तिने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची. हा पैसा आता देशभरात वर्षाला तीस हजार कोटींच्या वर आहे आणि राज्यवार पाहिलं तर महाराष्ट्रात सगळ्यांत जास्त खर्च होतो. एवढा पैसा आला, तर छोट्या संस्थांना बरे दिवस यायला हवे होते. पण कंपनीला कायद्याचं पालन दाखवायचं असतं, त्यामुळे तिला पन्नास छोट्या संस्थांपेक्षा एक मोठी संस्था बरी वाटते: एक करार, एक अहवाल, एक फोटो. त्यातून २०२१च्या नियमांनुसार बाहेरच्या संस्थेला काम द्यायचं तर तिच्याकडे तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव हवा. म्हणजे नव्याने सुरू झालेल्या संस्थेने पहिली तीन वर्षं वाऱ्यावर काढायची.

दुसरी वाट विदेशी निधीची. २०२० साली विदेशी अंशदान कायद्यात दुरुस्ती झाली आणि एका नोंदणीकृत संस्थेने दुसऱ्या संस्थेला विदेशी निधी पुढे देणं बंद झालं. त्याआधी मुंबई-पुण्याची एखादी मोठी संस्था परदेशी फाउंडेशनकडून निधी घ्यायची आणि तालुक्याच्या पाच-दहा संस्थांना वाटून द्यायची. इंग्रजी अहवाल, हिशेब, पत्रव्यवहार तीच सांभाळायची. या मधल्या संस्थांत दादागिरी होती, मान्य. पण मागण्याचा खर्च एका ठिकाणी व्हायचा. २०२३च्या वित्त कायद्याने देशी पैशाचंही थोडंफार तेच केलं: एका विश्वस्त संस्थेने दुसरीला दिलेल्या देणगीतली ८५ टक्केच रक्कम आता करसवलतीसाठी देणाऱ्याचा धर्मादाय खर्च म्हणून धरली जाते. सरकारची कारणं काहीही असोत, परिणाम असा झाला की मधली पायरी निखळली आणि प्रत्येक छोट्या संस्थेला थेट वरच्या दारात उभं राहावं लागलं, प्रत्येकीने आपापलं प्रपोजल घेऊन.

'मग लोकांकडून गोळा करा ना, फंडर कशाला हवेत?' असं चर्चेत कोणीतरी हमखास म्हणतं. जरूर करावं. पण ८०जीची सवलत देणगीदाराला मिळायची तर प्रत्येक देणगीदाराची ओळख लिहून घेऊन ३१ मेच्या आत दहा-बीडी नावाचं विवरण भरावं लागतं आणि उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क पडतं. अमेरिकेतल्या भाच्याने स्वतःच्या बचतीतून पाठवलेले पैसे त्याच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे तोवर विदेशी देणगी ठरत नाहीत. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं की त्याच भाच्याचे पैसे घ्यायला विदेशी अंशदानाची नोंदणी आणि दिल्लीत संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या शाखेतलं खातं लागतं. मावशीने विचारायचं तरी कसं, 'बाळा, पासपोर्ट कुठला?'

आता पाच टक्क्यांकडे. फंडर प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांवर देत नाहीत आणि विचारलं की नियमाकडे बोट दाखवतात. नियम खरोखर आहे, पण तो वेगळाच आहे. सीएसआरच्या नियमांतली पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चावर आहे: कंपनीने आपला सीएसआर विभाग चालवायला वर्षाच्या एकूण सीएसआर खर्चाच्या पाच टक्क्यांहून जास्त लावू नयेत. काम करणाऱ्या संस्थेला व्यवस्थापनासाठी किती द्यायचं यावर त्या नियमात मर्यादा नाही. म्हणजे जो लगाम कंपनीच्या तोंडात घालायचा तो कंपन्यांनी काढून संस्थांच्या तोंडात घातला, आणि इतकी वर्षं संस्थांनीही तो निमूट चावला. कारण नियम वाचून दाखवणारा अर्जदार कोणाला आवडतो?

खरा खर्च किती असतो? ब्रिजस्पॅन या सल्लागार संस्थेने काही वर्षांपूर्वी भारतातल्या ४० चांगल्या संस्थांचे हिशेब तपासले, तेव्हा अप्रत्यक्ष खर्च संस्थेगणिक ५ टक्क्यांपासून ५१ टक्क्यांपर्यंत आढळला आणि त्याचा मध्य १९ टक्क्यांवर होता. हिशेबनीस, कार्यालयाचं भाडं, प्रवास, कार्यकर्त्यांचं प्रशिक्षण, ऑडिट, हे सगळं त्यात आलं. अमेरिकेच्या संघराज्य सरकारनेही २०२४च्या ऑक्टोबरपासून, ज्या संस्थांचा दर वाटाघाटीने ठरलेला नाही त्यांना फारशी विचारपूस न करता मिळणारा अप्रत्यक्ष खर्च १० टक्क्यांवरून १५वर नेला. आपल्याकडे मात्र 'आमचा एकेक पैसा थेट लाभार्थ्याला जातो' हे वाक्य अजून अभिमानाने छापलं जातं. शाळेला शिक्षकाचा पगार देऊ, पण घंटा कोणी वाजवायची आणि हजेरीपट कोणी सांभाळायचा ते तुमचं तुम्ही बघा, असा हा हिशेब आहे. मग संस्था काय करतात? हिशेबनिसाला 'फील्ड समन्वयक' म्हणून दाखवतात. कार्यालयाचं भाडं 'प्रशिक्षण केंद्र' होतं. प्रामाणिक माणसांना छोटं खोटं लिहायची सवय लावणारी ही पद्धत आहे, आणि मला तिचा सगळ्यांत जास्त राग येतो तो यासाठी.

वेळेचा घोळ याहून कमी नाही. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या दसरा-दिवाळीनंतर गाव सोडतात. मुलांना गावातच ठेवायचं तर वसतिगृहाची सोय तेव्हाच व्हायला हवी: धान्य, अंथरुणं, स्वयंपाकीणबाईंचा पगार. कंपनीचं आर्थिक वर्ष मार्चला संपतं. एप्रिल ते सप्टेंबर 'स्ट्रॅटेजी' ठरते, दिवाळीनंतर प्रस्ताव मागवतात, जानेवारीत समितीची बैठक, फेब्रुवारीच्या शेवटी पैसे जमा होतात आणि ३१ मार्चच्या आत खर्चून यूसी पाठवा असा निरोप येतो. तोवर टोळ्या परतायच्या वाटेवर असतात. मग मार्चमध्ये कार्यशाळा होतात, दप्तरं वाटली जातात, बॅनर छापले जातात. कायद्याने हे असंच व्हावं असं मुळीच म्हटलेलं नाही. काम अनेक वर्षांचं आहे असं कंपनीच्या संचालक मंडळाने ठरवलं तर उरलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून पुढची तीन वर्षं वापरता येते. ती सोय वापरायला ठराव आणि थोडं नियोजन लागतं. संस्थेकडून तीन वर्षांचं 'व्हिजन' मागणाऱ्या कंपनीला स्वतः पुढच्या ऑक्टोबरपर्यंत पाहता येऊ नये, हे अजब आहे.

भाषेचं दुखणं वेगळं. महाराष्ट्रात काम, महाराष्ट्रात कंपनी, बहुतेकदा सीएसआर अधिकारीही मराठी, आणि अर्ज मात्र इंग्रजीत. ज्या बाईने वीस वर्षं दारूबंदीसाठी गावं पालथी घातली, ती तासभर तिच्या कामाबद्दल बोलली तर ऐकणारा हलतो. तिच्या अर्जात त्यातलं एक वाक्यही उतरत नाही. म्हणून शहरात प्रपोजल लिहून देणारे सल्लागार आहेत. काही सचोटीचे, काही टक्केवारीवर काम करणारे: मंजूर झालं तर दहा टक्के आमचे. ही टक्केवारी बजेटात कुठे दाखवायची हे तेच सांगतात. अलीकडे चॅटजीपीटी आल्यापासून सल्लागाराचीही गरज उरलेली नाही. चार ओळी मराठीत सांगितल्या की गुळगुळीत इंग्रजीत दहा पानं तयार. छोट्या संस्थांना हे वरदान वाटतं, वाटू दे. पण आता सगळी प्रपोजलं सारखीच दिसू लागली आहेत, आणि लेखनावरून काम जोखायची पद्धत जी आधी अन्यायाची होती ती आता निरर्थकही झाली आहे. यंत्राने लिहायचं, यंत्राने गाळायचं, आणि मधल्या मधे धडगावच्या समन्वयकाने दहा दिवस घालवायचे.

'प्रति लाभार्थी खर्च' हाही असाच एक निरुपद्रवी दिसणारा रकाना. पुण्याच्या एखाद्या वस्तीत एक कार्यकर्ती चालत फिरून शंभर मुलांपर्यंत पोचते. मेळघाटात किंवा अक्राणीच्या डोंगरात चार पाडे करायचे तर दिवस जातो आणि मुलं भेटतात वीस. भागाकार केला की डोंगरातलं काम पाचपट महाग दिसतं आणि यादीत खाली जातं. गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि धाराशिव हे चार जिल्हे सरकारने स्वतः आकांक्षित म्हणून निवडले ते आरोग्य, शिक्षण, पायाभूत सोयी यांत मागे आहेत म्हणून, म्हणजे तिथे काम करणं अवघडच. पण रकान्यात अवघडपणाला जागा नाही.

यावर सगळ्यांत जड आक्षेप असा: संस्थांमध्ये भामटे आहेत, म्हणून एवढी चाळणी लागते. भामटे आहेत. कागदावरच्या संस्था आहेत, एकाच कामाचे फोटो तीन फंडरना पाठवणारे आहेत, घरातल्याच पाच जणांना विश्वस्त करून पगार वाटून घेणारे आहेत. पण जरा विचार करा, ज्याला फसवायचंच आहे त्याचे कागद सगळ्यांत चोख असतात. तेवढंच काम तो मन लावून करतो. लांबलचक अर्जाने अडतो तो कच्च्या इंग्रजीचा खरा माणूस. शिवाय हिशेबानेही हे पटत नाही. एखाद्या फाउंडेशनने तीन लाखांची शंभर अनुदानं दिली, म्हणजे तीन कोटी. सहांतला एक अर्ज मंजूर होतो असं वरच्यासारखंच धरलं तर सहाशे अर्ज आले, आणि बारा हजारांच्या दराने अर्जदारांनी मिळून ७२ लाख रुपये घालवले. शंभरातल्या पाच संस्था खोट्या निघाल्या असत्या, तर बुडाले असते १५ लाख. पाच कशाला, वीस निघाल्या तरी ६० लाख. चाळणीची किंमत चोरीपेक्षा जास्त आहे. ती दिसत नाही, कारण ती फाउंडेशनच्या खात्यातून जात नाही.

खातरजमा नको असं मी म्हणत नाही. ती करायची जागा चुकते आहे. बारीक अर्ज वाचण्यात घालवलेला वेळ त्याच अधिकाऱ्याने एसटीत बसून घालवला तर एका दिवसात त्याला कळेल: मुलं खरंच येतात का, गावात संस्थेला कोण ओळखतं, हिशेबाची वही कुठे असते, कार्यकर्त्यांना गेल्या महिन्याचं मानधन मिळालं का. परत येऊन टिपण त्याने लिहावं. 'लोकसत्ता'चा 'सर्वकार्येषु सर्वदा' हा उपक्रम २०११पासून गणेशोत्सवात हेच करत आला आहे. दरवर्षी दहा संस्था. वर्णन संस्थेने लिहायचं नाही, वार्ताहराने जाऊन पाहून लिहायचं, आणि वाचकांनी थेट संस्थेच्या नावे धनादेश पाठवायचे. या पद्धतीतही दोष आहेत. दहांची निवड होते तेव्हा बाकीच्यांचं काय, हा प्रश्न उरतोच, आणि डोळ्यांत पाणी आणणारी कहाणी ज्या कामात नाही ते मागे पडतं. पण कष्ट कोणाकडे आहेत ते पाहा. सांगायचं ओझं ज्याच्या हातात लेखणी आहे त्याने उचललं आहे.

उलट बाजूचं उदाहरण अमेरिकेतलं, आणि तेही अर्ज न मागता अब्जावधी डॉलर वाटण्यासाठी नावाजलेल्या मॅकेन्झी स्कॉट यांचं. २०२३ साली त्यांनी प्रथमच अमेरिकेतल्या छोट्या-मध्यम संस्थांकडून खुले अर्ज मागवले. ६,३५३ अर्ज आले. ठरलेल्या २५०ऐवजी ३६१ संस्थांना मिळून ६४ कोटी डॉलर मिळाले, तेही कशावर खर्च करायचे याचं बंधन न घालता. याहून उदार दान शोधून सापडणार नाही. तरीही जवळजवळ सहा हजार संस्थांनी लिहिलं ते वाया गेलं. शिवाय एका फेरीत अर्जदारांनाच एकमेकांचे अर्ज तपासायला लावले होते. दार सगळ्यांना उघडं करायचं आणि आत जागा थोड्यांनाच द्यायची, तर दाराशी भरायचा फॉर्म अर्ध्या पानाचा असायला हवा.

म्हणून माझी सूचना फार क्रांतिकारक नाही. रकमेच्या मानाने कागद असावेत. पाच लाखांच्या आतल्या मागणीला दोन पानं पुरतात, मराठीत, हवं तर फोनवर बोलून रेकॉर्ड केलेली. सोबत ऑडिट झालेले हिशेब. नोंदणीचे कागद फंडरने सरकारी पोर्टलवरून स्वतः पाहावेत, कारण त्यासाठीच ती पोर्टलं काढली आहेत. दोन पानांवरून ज्यांना मिळण्याची खरोखर शक्यता आहे अशा थोड्यांनाच सविस्तर प्रस्ताव मागावा, आणि मागितला की त्याचे पैसे द्यावेत. दहा हजार द्या, पंधरा द्या. इमारतीचा आराखडा काढून घेतला तर वास्तुविशारदाला फी देतो की नाही? फुकट प्रस्ताव मागवता येणार नाहीत म्हटल्यावर किती मागवायचे याचा विचार आपोआप होईल. एका संस्थेला चार फंडर असतील तर चौघांनी वर्षाचा एकच अहवाल घ्यावा. नकार कळवावा, आणि का ते दोन ओळींत सांगावं. आज बहुतेक अर्जांना 'मिळालं नाही' हे सुद्धा कोणी कळवत नाही, संस्थाच तीन महिन्यांनी समजून घेते. आणि संस्था टिकवण्यासाठीही पैसे द्यावेत. एडेलगिव्ह फाउंडेशनच्या २०२१मधल्या ग्रो फंडाने शंभर छोट्या संस्थांसाठी दोन वर्षांचे शंभर कोटी उभे केले ते अशाच, पगार आणि यंत्रणेच्या खर्चासाठी. म्हणजे हे होऊ शकतं. सरकारलाही थोडं कळलेलं दिसतं: ज्या संस्थांचं उत्पन्न पाच कोटींच्या आत आहे त्यांची आयकर नोंदणी पाचऐवजी दहा वर्षं चालेल अशी तरतूद २०२५च्या वित्त कायद्यात झाली. जे आयकर खात्याला जमलं ते उदारमतवादी फाउंडेशनना जमू नये?

संस्थांच्या पदरातही थोडा दोष टाकायला हवा. फंडरची दिशा बदलली की गेल्या वर्षी पाणलोट करणारे यंदा कौशल्य विकास आणि पुढच्या वर्षी हवामान बदल करतात. प्रपोजलमधल्या आकड्यांच्या मागे धावता धावता मूळ काम कोणतं होतं हेच विसरलेल्या संस्था मी पाहिल्या आहेत. दीड लाखासाठी चाळीस पानं मागणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणण्याचं धैर्य एकट्या संस्थेत नसतं, हे समजतं. पण एका तालुक्यातल्या, एका विषयातल्या आठ-दहा संस्थांनी मिळून आपला एकच पाच पानी परिचय तयार केला आणि सगळ्या फंडरना तोच पाठवायचा ठरवला, तर काय बिघडेल? काही दारं बंद होतील. त्यातली बरीचशी तशीही उघडणार नव्हती.

फाउंडेशन आणि कंपन्यांकडून मात्र एक गोष्ट उद्यापासून मागता येईल, तिला कायदा बदलायला नको. किती कोटी दिले, किती जीवनांना स्पर्श केला, हे वार्षिक अहवालाच्या पहिल्या पानावर असतंच. त्याच पानावर एवढंही छापा: वर्षभरात किती संस्थांनी अर्ज केले, त्यांतल्या किती मंजूर झाल्या, एका अर्जात किती प्रश्न होते, आणि ज्यांना काहीच मिळालं नाही त्यांतल्या किती जणांना तसं कळवलं. हे आकडे काढायला सल्लागार नेमावा लागत नाही. ते पोर्टलवर आत्ताही पडून आहेत.